कारणाचा रकाना: सैनिकाच्या डिसेबिलिटी पेन्शनचं अपील कसं ठरतं

[पडद्यावर: टेबलावर ठेवलेला छापील फॉर्म. घड्या पडून कडा मऊ झालेल्या. कॅमेरा हळूहळू एका रकान्याजवळ येतो.]

निवेदन:

सैन्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जवानाची जाताना तपासणी होते. ती करतं डॉक्टरांचं मंडळ. मुदत पूर्ण करून निघत असेल तर ते रिलीज मेडिकल बोर्ड. आजारामुळे किंवा जखमेमुळे मुदतीआधीच घरी पाठवत असतील तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड. जवान आपसांत एवढंच म्हणतात, "बोर्ड आउट झाला."

हा त्या बोर्डाचा फॉर्म. आजाराचं नाव, तो पहिल्यांदा कधी दिसला, तेव्हा जवान कुठे नेमणुकीवर होता, हे सगळं इथे भरलं जातं. मग येतात खरे प्रश्न. हा आजार नोकरीमुळे झाला का? नोकरीमुळे झाला नसेल, तर नोकरीने तो वाढवला का? आणि दोन्हींचं उत्तर "नाही" असेल, तर डॉक्टरांचं असं मत का आहे?

हा शेवटचा "का" लक्षात ठेवा. पुढे पंधरा-वीस वर्षं चालणारी कितीतरी अपिलं या एका रकान्यात काय लिहिलं होतं, किंवा काहीच लिहिलं नव्हतं, यावर ठरली आहेत.

[दृश्य: भरतीचं मैदान. पहाट. धावणाऱ्या मुलांच्या सावल्या.]

आधी पेन्शन कशाला मिळते ते पाहू. नियमाच्या दोन अटी आहेत. अपंगत्व नोकरीमुळे आलेलं किंवा नोकरीने वाढलेलं असलं पाहिजे. आणि ते बोर्डाच्या मोजमापात २० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं पाहिजे. नोकरीमुळे आलेलं म्हणजे "ॲट्रिब्युटेबल", नोकरीने वाढलेलं म्हणजे "ॲग्रव्हेटेड". सरावात पाय मोडला, सुरुंगाच्या स्फोटात डोळा गेला, तर पहिला शब्द लागू होतो. रक्तदाब किंवा दमा याची मुळं शरीरात असू शकतात, पण उंचावरच्या थंडीत, विरळ हवेत, झोपेविना काढलेल्या महिन्यांनी तो बळावला, तर दुसरा शब्द. दोन्हीपैकी एक पुरतो.

फॉर्मवर दोन्ही नाकारले, की जवानाच्या हातात पत्र पडतं: "नायदर ॲट्रिब्युटेबल टू नॉर ॲग्रव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस." इंग्रजीतली ही ओळ गावाकडच्या अनेक घरांत तोंडपाठ आहे. तिचा अर्थ त्या घरांना नंतर कळला.

पैशांचा हिशेबही समजून घ्या, म्हणजे भांडण कशासाठी आहे ते दिसेल. डिसेबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात. एक नोकरीचा, तो सर्व्हिस एलिमेंट. दुसरा अपंगत्वाचा, तो डिसेबिलिटी एलिमेंट. अपंगत्व १०० टक्के असेल तर दुसरा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि कमी असेल तर त्या प्रमाणात. समजा शेवटचा पगार ४० हजार होता. १०० टक्के अपंगत्वाला १२ हजार. २० टक्क्यांना २ हजार ४००.

पण इथे एक सुधारणा झाली. पाचव्या वेतन आयोगानंतर सरकारने ३१ जानेवारी २००१ रोजी पत्र काढलं. बोर्डाने मोजलेली टक्केवारी डॉक्टर-डॉक्टरांत बदलते, म्हणून ती ठरावीक टप्प्यांवर आणायची: ५० पेक्षा कमी असेल ते ५० धरायचं, ५० ते ७५ असेल ते ७५, आणि त्यावरचं सगळं १००. याला म्हणतात ब्रॉड बँडिंग. म्हणजे वरच्या उदाहरणातले २ हजार ४०० रुपये ६ हजार होतात. पण पत्रात ही सोय होती फक्त बोर्ड आउट झालेल्यांना. जो अपंगत्व घेऊनही मुदत संपेपर्यंत राबला, त्याला नाही.

हे अन्यायाचं होतं, असं मी स्पष्ट म्हणते. दुखऱ्या गुडघ्याने शेवटपर्यंत काम केलं, म्हणून त्याचा गुडघा कमी दुखत नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १० डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सरकारची शेकडो अपिलं एकाच वेळी फेटाळली आणि ही सोय मुदत पूर्ण करणाऱ्यांनाही लागू आहे, हे पक्कं केलं.

[दृश्य: टपाल. खाकी पाकीट उघडणारे हात. चेहरा दिसत नाही.]

आता नकाराचं पत्र आलं आहे. ते बहुधा त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून येतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात आहे. पत्राच्या शेवटी लिहिलेलं असतं, की निर्णय मान्य नसेल तर सहा महिन्यांत पहिलं अपील करा.

पहिलं अपील ऐकते खात्यातली अपील समिती. तिनेही नाकारलं, तर पुन्हा सहा महिन्यांच्या आत दुसरं अपील, पेन्शनसाठीच्या दुसऱ्या अपील समितीकडे. दोन्ही पायऱ्या संरक्षण खात्याच्या आतल्या. निर्णय होतो साधारणपणे कागदांवर: बोर्डाचा फॉर्म, भरतीच्या वेळचा तपासणीचा कागद, नेमणुकांची यादी, आणि वैद्यकीय सल्लागारांचं मत. जवान समोर बसलेला नसतो.

म्हणूनच अपिलात काय लिहिलं, याला फार महत्त्व आहे. "माझ्यावर अन्याय झाला, घर चालत नाही" हे खरंच असतं, पण समितीला त्यावर निर्णय देता येत नाही. लिहायचं असतं हे: अमुक तारखेला भरती झालो, तेव्हाच्या कागदावर आजाराची नोंद नाही. अमुक ते अमुक काळात अमुक ठिकाणी होतो, फील्डवर, म्हणजे सीमेवर किंवा मोहिमेच्या भागात, की पीस स्टेशनला, म्हणजे शांततेच्या ठिकाणी. अमुक तारखेला पहिल्यांदा लष्करी रुग्णालयात दाखल झालो. बोर्डाने कारण लिहिलेलं नाही, किंवा लिहिलेलं कारण माझ्या नोंदींशी जुळत नाही. बोर्डाची प्रत हातात नसेल तर माहिती अधिकारात मागता येते. आणि हे सगळं एकट्याने करायची गरज नाही. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, माजी सैनिकांच्या संघटना आहेत.

जखमेच्या प्रकरणात आणखी एक कागद लागतो, इंजुरी रिपोर्ट. अपघात झाला तेव्हा जवान ड्यूटीवर होता की नाही, हे त्याच्या कमांडिंग ऑफिसरने त्यावर लिहिलेलं असतं. गरज पडली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशी, बसते. हा कागद त्या वेळीच झाला नाही, तर दहा वर्षांनी तो तयार करणं फार अवघड जातं.

[दृश्य: न्यायाधिकरणाचं दालन. दोन खुर्च्या.]

दोन्ही अपिलं फेटाळली गेली, की दार उघडतं ते सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं, म्हणजे आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचं. कायदा २००७ चा, आणि उद्घाटन ८ ऑगस्ट २००९ ला. त्याआधी जवानाला उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागायची. मुख्य पीठ दिल्लीला, बाकी पीठं देशभर, त्यातलं एक मुंबईला.

पीठावर दोन जण बसतात. एक उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले, दुसरे मेजर जनरल किंवा त्याच्या बरोबरीच्या वा वरच्या हुद्द्यावर काम केलेले अधिकारी. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. एकाला पुरावा कसा तोलायचा ते ठाऊक असतं. दुसऱ्याला हे ठाऊक असतं, की कागदावर "पीस स्टेशन" लिहिलेल्या ठिकाणी प्रत्यक्षात रात्रीच्या किती ड्यूट्या पडतात.

कायदा सांगतो, आधी खात्यातले मार्ग वापरा. पण अपील करून सहा महिने उलटले आणि उत्तरच आलं नाही, तर थांबून राहायची गरज नाही, थेट न्यायाधिकरणात जाता येतं. हे अनेकांना माहीत नसतं. उत्तराची वाट पाहत लोक वर्षानुवर्षं बसून राहतात.

आता प्रश्न असा: न्यायाधिकरणातले हे दोघे डॉक्टर नाहीत. मग तीन डॉक्टरांच्या बोर्डाचं मत ते कसं तपासणार?

उत्तर १९८२ च्या नियमांत आहे. कॅज्युअल्टी पेन्शनच्या, म्हणजे नोकरीतल्या जखमेमुळे, आजारामुळे किंवा मृत्यूमुळे मिळणाऱ्या पेन्शनच्या, हक्काचे हे नियम. त्यातले तीन मला फार मोलाचे वाटतात, म्हणून सावकाश सांगते.

नियम पाच. जवान भरती होताना शरीराने आणि मनाने धडधाकट होता, असं धरायचं, त्या वेळच्या कागदावर काही नोंद असेल तेवढं सोडून. आणि पुढे प्रकृतीच्या कारणावरून त्याला काढलं, तर ती प्रकृती नोकरीत बिघडली, असंही धरायचं.

नियम नऊ. हक्क सिद्ध करायची जबाबदारी जवानाची नाही. वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा. फील्डवर किंवा जहाजावर असलेल्यांना तर अधिक सढळ हाताने.

नियम चौदा, पोटनियम "ब". ज्या आजाराने घरी पाठवलं, त्याची नोंद भरतीच्या वेळी नव्हती, तर तो नोकरीतच उद्भवला असं सामान्यतः मानायचं. अपवाद एकच. भरतीच्या तपासणीत हा आजार सापडूच शकला नसता, असं डॉक्टरांचं मत असेल तर. पण मग त्यांनी कारणं लिहून द्यायला हवीत.

कारणं लिहून द्यायला हवीत. फॉर्मवरचा तो रकाना आहे तो यासाठी.

[दृश्य: जुना वायरलेस संच. तारा. हेडफोन.]

१५ जून १९८५. सिग्नल्स कोअरमध्ये एक जवान भरती होतो. भरतीच्या कागदावर आजाराची एकही नोंद नाही. सुमारे नऊ वर्षं नोकरी होते. १ एप्रिल १९९४ रोजी त्याला घरी पाठवलं जातं. आजार झटक्यांचा, लोक ज्याला फेफरं किंवा मिरगी म्हणतात तो. अपंगत्व २० टक्के. बोर्डाचं मत असं, की हा दोष मुळातल्या प्रकृतीचा, नोकरीशी संबंध नाही. पेन्शन नाकारली गेली.

तो उच्च न्यायालयात गेला. एका न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. सरकारने अपील केलं, दोन न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल फिरवला. मग सर्वोच्च न्यायालय. निकाल लागला २ जुलै २०१३ रोजी. घरी पाठवल्याला एकोणीस वर्षं झाली होती.

न्यायालयाने वैद्यकशास्त्राचा वाद घातला नाही. त्यांनी फॉर्म पाहिला. भरतीच्या वेळी नोंद नाही. मग हा आजार आधीपासून होता, असं बोर्डाने कशावरून ठरवलं? कारण लिहिलेलं नव्हतं. पेन्शन मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही ते लिहिलं नसल्याचं लक्षात घेतलं नाही आणि मत तसंच्या तसं उचललं. नियमांनी जवानाच्या बाजूने जे गृहीत धरलं होतं, ते खोडून काढणारं कागदावर काही नव्हतं. जवान जिंकला. त्यानंतर देशभरातल्या पीठांसमोर हा निकाल हजारो वेळा वाचला गेला असेल.

त्याच्याही वीस वर्षं आधी, १९९३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या बाजूची एक गोष्ट बंद केली होती. तेव्हा असं व्हायचं, की बोर्ड जवानाला तपासून अमुक टक्के अपंगत्व लिही, आणि पेन्शनच्या कचेरीत बसलेला वैद्यकीय सल्लागार त्या जवानाला न पाहताच ते टक्के कमी करी. न्यायालयाने सांगितलं, तपासलेल्या बोर्डाचं मत न तपासता बदलता येणार नाही. बदलायचंच असेल तर वरचं बोर्ड बसवा, जवानाला बोलवा, तपासा.

[दृश्य: रेल्वे स्थानक. संध्याकाळ. ट्रंका, होल्डॉल.]

आजाराचा प्रश्न कठीण, पण त्याहून कठीण रजेचा. रजेवर असलेला जवान ड्यूटीवर असतो का?

एक जवान किरकोळ रजा घेऊन घरी निघाला. गाडीतून उतरताना पडला आणि हात गमावला. नियमात शब्द होते "सरकारी खर्चाने प्रवास", आणि याने तिकीट स्वतः काढलं होतं. तेवढ्यावरून पेन्शन नाकारली गेली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ मानला नाही. जवानाच्या भल्यासाठी केलेला नियम उदारपणे वाचायचा असतो, असं सांगून पेन्शन दिली.

पण दुसरा एक जवान रजेत बहिणीच्या घरी होता. तिथे अंधारात जिन्यावरून पडला. २०१५ मध्ये न्यायालयाने त्याला नाही म्हटलं. रजेत घरी झालेल्या त्या अपघाताचा सैन्याच्या कामाशी काही धागा जुळत नव्हता. आणखी एकाला रजेत स्कूटरच्या अपघाताने अपंगत्व आलं. २०११ मध्ये त्यालाही नकार मिळाला.

अशा माणसाची गोष्ट ऐकली की पोटात तुटतं. तरी न्यायालय काय शोधत होतं ते समजून घेतलं पाहिजे. दुखापत किती मोठी, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न नात्याचा: ही दुखापत आणि ही नोकरी यांच्यात काही दुवा आहे का? प्रवास हा नोकरीने लादलेला असतो, कारण घर आणि नेमणूक यांतलं अंतर जवान ठरवत नाही. घरातला जिना कोणाच्याही घरात असतो. अपील लिहिणाऱ्याने हा दुवा पहिल्याच परिच्छेदात दाखवायचा असतो.

[दृश्य: रिकामी खाट. खिडकीतून येणारा उजेड.]

आणि मनाचे आजार. इथे निकाल सगळ्यात जास्त हेलकावे खातात.

स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन नाकारली. भरतीच्या साध्या तपासणीत असा आजार पकडता येत नाही, आणि ठोस वैद्यकीय पुरावा नसताना न्यायालयाने तज्ज्ञांच्या मतावर मात करू नये, असं त्यात म्हटलं आहे. मे २०२५ मध्ये त्याच आजाराच्या दुसऱ्या प्रकरणात जवान जिंकला, कारण बोर्डाने मताला आधार देणारी कारणंच नोंदवली नव्हती. कारणाशिवाय दिलेलं मत घेऊन कोणालाही नोकरीतून आणि पेन्शनमधून बाहेर काढता येत नाही, ही त्या निकालाची दिशा.

दोन्ही निकाल वाचल्यावर एक गोष्ट ठसते. हे आजार जवान लपवत असतो. युनिटमध्ये त्याबद्दल बोललं जात नाही. रुग्णालयातली पहिली नोंद होते तेव्हा घरच्यांनी किती तरी आधी पत्रातून, फोनवरून तो बदल ओळखलेला असतो. कागदावर मात्र पहिली तारीख रुग्णालयाची. म्हणून त्या काळातली नेमणूक, सोबत्यांवर ओढवलेले प्रसंग, नाकारलेली रजा, हे अपिलात आणणं कुटुंबाच्या हातात असतं. ते नाही आणलं तर बोर्डाच्या फॉर्मवर उरतो फक्त आजार, आणि तो जणू हवेतून आलेला वाटतो.

[पडद्यावर: तीन तारखा. १९८२. २००८. २१ सप्टेंबर २०२३.]

जवान कधी बाहेर पडला, यावर त्याला कुठले नियम लागू होतात ते ठरतं.

१९८२ च्या नियमांचा सूर तुम्ही ऐकला. २००८ चे नियम सावध झाले. भरतीची तपासणी सर्वंकष नसते, शरीरात दडलेला आजार तिच्यात सुटू शकतो, आणि आजार नोकरीत दिसला एवढ्यावरून तो नोकरीमुळे झाला असं होत नाही, हे त्यांत लिहिलं गेलं. सिद्ध करायची जबाबदारी सामान्यतः अजूनही जवानावर नाही, पण बाहेर पडल्यावर १५ वर्षांनी पहिल्यांदा दावा केला, तर ती त्याच्यावर येते. २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे नियम आले, आणि अपंगत्व असूनही नोकरीत राहिलेल्यांसाठी "इम्पेअरमेंट रिलीफ" अशी नवी संज्ञा आली. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांना विरोध केला.

गैरवापर रोखायला हवा, हे कोणीही मान्य करील. पण नियम कडक करताना त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, ते पाहायला हवं. भरतीची तपासणी अपुरी असेल, तर ती अपुरी ठेवली सैन्याने. अठरा वर्षांच्या मुलाने नव्हे.

[दृश्य: न्यायालयाच्या पायऱ्या. वकिलांची वर्दळ.]

न्यायाधिकरणात जिंकलं तरी संपत नाही. सरकारला सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, पण सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा असेल तर. जवान हरला तर त्याच्यापुढेही तीच अट. मधली उच्च न्यायालयाची वाट २०१५ च्या एका निकालाने जवळपास बंद झाली होती. गावातल्या माणसाला दिल्ली गाठणं किती परवडतं, ते सांगायला नको. २१ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांचा रिट ऐकण्याचा अधिकार मोकळा केला. २०१५ मध्येच संरक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंग सैनिकांविरुद्धची अपिलं मागे घ्यावीत, खटले कमी करावेत, असं सुचवलं होतं. तरी अपिलं येत राहिली.

निकाल कायम झाला, की प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून सुधारित पीपीओ निघते, पेन्शन पेमेंट ऑर्डर. त्यावर नवे टक्के असतात, आणि अपंगत्व कायमचं असेल तर "आजीवन".

आणि थकबाकी?

एक जवान १९८३ मध्ये बोर्ड आउट झाला होता. पेन्शनसाठी न्यायालयात आला १९९९ मध्ये. उच्च न्यायालयाच्या पीठाने त्याला १९८३ पासूनची सगळी रक्कम व्याजासह द्यायला सांगितली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. १३ ऑगस्ट २००८ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून उशीर झाला तरी हक्क मरत नाही. मात्र मागची रक्कम मिळेल ती न्यायालयात येण्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच. उशिरा आलेल्या दाव्यांमध्ये तेव्हापासून हा निकाल दाखवला जातो.

[पडद्यावर: सुधारित पीपीओ. बोट एका तारखेवर थांबतं.]

१९८३ ते १९९६. ती तेरा वर्षं त्या हिशेबात नाहीत.